आग विझविणारे औषध

अमरावती शहराच्या सीमेवर तपोवन नावाचे एक ठिकाण आहे. वऱ्हाडातील सुशिक्षित घरांत ते नाव ठाऊक नाही असे सहसा होत नाही. ज्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसास घर, गाव आणि देऊळ ही तिन्ही दारे एकदमच बंद होत, त्या काळी, स्वातंत्र्यप्राप्तीच्या आगेमागे, डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी अशा माणसांसाठी येथे वसाहत उभी केली. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. भिक्षेचे पात्र ज्या हातांत होते, त्या हातांत त्यांनी सुतारकीची व विणकामाची हत्यारे दिली. भारत सरकारने १९५९ साली त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. परंतु त्यांची खरी पदवी म्हणजे ते कामाला लागलेले हातच होत.

ह्या हातांविषयीच आज मला बोलावयाचे आहे. कुष्ठरोगाच्या इतिहासात एक विलक्षण कोडे आहे. रोगी वेळेवर आला, त्याने औषध नियमाने घेतले, अंगावरचा बधिर चट्टा विरू लागला. आणि नेमक्या त्याच सुमारास एके दिवशी त्याचे कोपर ठणकू लागले, करंगळी वाकली, मूठ उघडेनाशी झाली. जंतू मरत होते, रोग हटत होता, आणि हात मात्र जात होता. असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या औषधाच्या कथेत दडलेले आहे, त्यास आपण आज सर्रास ‘स्टिरॉइड’ म्हणतो. अमरावती ही व्यायामशाळांची नगरी असल्यामुळे येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. शरीर फुगविण्यासाठी काही जण चोरून घेतात ती द्रव्ये निराळी. मी बोलत आहे ते कॉर्टिकोस्टिरॉइड ह्या वर्गाविषयी. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन ही त्यांतील परिचित नावे होत.

प्रथम आपल्याकडील परिस्थिती पाहू. विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा मोठी आहे. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे जुने कुष्ठरुग्णालय आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली कुष्ठधाम आरंभिले. पुढे वरोऱ्यास बाबा आमटे ह्यांचे आनंदवन उभे राहिले. ह्या सर्वांजवळ सेवाभाव अपार होता. औषध मात्र जवळजवळ नव्हतेच. कडू कवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांचे तेल टोचावयाचे, जखमा धुवावयाच्या, आणि धीर द्यावयाचा, एवढाच काय तो उपचार. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली, त्यांतून डॅप्सोनची गोळी सर्वत्र पोचली. पुढे जंतू त्या एकट्या गोळीस दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ह्यांचा बहुविध उपचार सुचविला. भारतात तो प्रथम सुरू झाला त्यांत आपला शेजारचा वर्धा जिल्हा अग्रभागी होता. सहा किंवा बारा महिन्यांत जंतूंचा नायनाट होऊ लागला. शतकानुशतके ‘महारोग’ म्हणून ज्याची भीती बाळगली, तो रोग बरा होऊ लागला.

पण ते कोडे शिल्लक राहिलेच. त्याचा उलगडा असा. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत घर करून राहतात. पुष्कळ दिवस शरीरास त्यांचा पत्ताच नसतो, किंवा असूनही ते स्वस्थ असते. मग कधी उपचारापूर्वी, पण बहुधा उपचार सुरू झाल्यावर, शरीराची प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि जिवंत जंतूंवर काय, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर काय, तुटून पडते. लढाई होते ती मज्जातंतूच्या आत. कोपरास आतल्या बाजूने काही आपटले म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांस आहे. तेथून जाणारा मज्जातंतू अशा वेळी सुजून दोरखंडासारखा जाड होतो. भोवतालचे वेष्टन घट्ट असल्यामुळे सुजेला पसरावयास वाव नसतो, आणि तंतू आतल्या आत चेपला जातो. गुडघ्याजवळचा तंतू चेपला तर पाऊल लोंबते. चेहऱ्याचा चेपला तर पापणी मिटत नाही आणि उघड्या डोळ्यास इजा होते. ह्या अवस्थेस वैद्यकात प्रतिक्रिया, म्हणजे ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. म्हणजे हात घालविणारा शत्रू त्या क्षणी जंतू नव्हे. आपलाच रक्षक आपले घर उद्ध्वस्त करीत असतो.

वऱ्हाडच्या माणसास हे समजावून सांगण्यास दृष्टांत दूर शोधावयास नको. जिनिंगच्या आवारात रुईच्या गंजीस ठिणगी लागते. ठिणगी कोठून आली, यंत्राच्या घर्षणातून की कोणाच्या विडीतून, हा शोध पुढे करावयाचाच असतो. पण त्या घटकेस पहिले काम पाणी मारण्याचे. पाणी ठिणगीचे कारण नाहीसे करीत नाही, ते केवळ आग विझविते. आणि पाण्याचाही एक दोष आहे: उशिरा मारले तर राख भिजते, गरजेपेक्षा अधिक मारले तर न जळलेली रुईही कुजते. कॉर्टिकोस्टिरॉइड हे असे पाणी आहे. ते जंतू मारीत नाही. ते शरीराचा क्षोभ शमविते. त्याचे सारे गुण आणि सारे अवगुण ह्या एका वाक्यात सामावले आहेत.

हे पाणी मानवास सापडले कसे, ती हकीगतही मनोरंजक आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅमच्या घरात. त्या निकामी झाल्या तर माणूस क्षीण होत होत मरतो, हे टॉमस अ‍ॅडिसन ह्या इंग्रज वैद्याने १८५५ साली दाखवून दिले. त्या ग्रंथींच्या सालीत कोणते द्रव्य आहे, ह्याचा शोध पुढे अमेरिकेत एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउस राइखश्टाइन हे दोघे रसायनवेत्ते घेत होते. तिकडे केंडॉलच्याच मेयो चिकित्सालयात फिलिप हेंच हा संधिवाताचा वैद्य एका निराळ्याच गोष्टीने विचारात पडला होता. १९२९ साली त्याने पाहिले की, संधिवाताने जखडलेल्या एका रोग्यास कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले. गरोदर स्त्रियांतही तसाच आराम पडलेला त्यास दिसला. तेव्हा शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे की जे ह्या रोगास आवरते, असे अनुमान त्याने बांधले. ते द्रव्य हाती यावयास जवळजवळ वीस वर्षे लागली. बैलाच्या पित्तातून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून ते अत्यल्प प्रमाणात बनत असे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी एकोणतीस वर्षांच्या एका संधिवातग्रस्त स्त्रीस त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. जिला कूस बदलणे कठीण होते, ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइखश्टाइन ह्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन हे त्या द्रव्याचे नाव.

जगाने आनंदाने टाळ्या पिटल्या. पण कथेचा दुसरा अंक लगेच सुरू झाला. औषध थांबविले की दुखणे परत येई, आणि औषध चालू ठेवले तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, पोट सुटे, दंड-मांड्या वाळत, रक्तात साखर चढे, हाडे ठिसूळ होत, मन अस्वस्थ होई. हार्वे कुशिंग ह्याने १९३२ साली ग्रंथींच्या विकारातून होणाऱ्या ज्या रोगाचे वर्णन केले होते, त्याचीच ही प्रतिमा औषधाने घडविलेली होती. आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. बाहेरून आयता पुरवठा होऊ लागला म्हणजे शरीरातील ग्रंथी आपले काम थांबवितात. जणू निजून जातात. काही आठवडे अशी गोळी घेतलेला रोगी ती एकाएकी सोडील, तर निजलेल्या ग्रंथी त्या दिवशी जाग्या होत नाहीत. मग ताप, उलट्या, रक्तदाब उतरणे, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून ही गोळी पायरी-पायरीने उतरवावयाची असते. जिना चढलेला माणूस गच्चीवरून उडी मारीत नाही, तो पायऱ्यांनीच खाली येतो.

१९५५ साली प्रेडनिसोन आले, त्याच्याच जोडीचे प्रेडनिसोलोनही आले. ते अधिक प्रभावी होते आणि त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठण्याचा त्रास कमी होई. कुष्ठरोगातील प्रतिक्रियेवर स्टिरॉइड वापरण्यास त्याच दशकात आरंभ झाला, आणि आपल्या कोड्याचे उत्तर वैद्यांच्या हाती आले. जंतुनाशक औषध चालूच ठेवावयाचे, आणि त्याच्या जोडीस प्रेडनिसोलोन, साधारणतः दिवसास ४० मिलिग्रॅमपासून आरंभ करून, आठवड्या-आठवड्यांनी कमी करीत जावयाचे. मज्जातंतूची शक्ती जाऊन सहा महिने लोटले नसतील, तर ती पुष्कळांची बऱ्याच अंशी परत येते. त्याहून उशीर झाला तर राख भिजविण्यासारखे होते. म्हणूनच कुष्ठसेवक रोग्याच्या हातास वारंवार पेनाच्या टोकाने स्पर्श करून ‘लागते का?’ असे विचारतो, करंगळी पसरावयास लावून तिचा जोर पाहतो. ह्या दोन मिनिटांच्या तपासणीवर एका माणसाची पुढली चाळीस वर्षांची भाकरी अवलंबून असते.

मात्रा किती, दिवस किती, ह्याचाही शोध जिद्दीने घेतला गेला. प्रतिक्रिया येण्यापूर्वीच, खबरदारी म्हणून, सर्व रोग्यांस प्रेडनिसोलोन दिले तर? नेपाळ व बांगलादेशातील प्रयोगाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला: पहिल्या काही महिन्यांत लाभ दिसला, पण वर्षअखेर तो टिकला नाही. आग लागण्यापूर्वी गंजीवर पाणी शिंपडून ठेवण्यात अर्थ नाही, हा त्याचा सारांश. मग लागलेल्या आगीवर पाणी अधिक दिवस मारले तर? वीस आठवड्यांऐवजी बत्तीस आठवडे औषध देऊन पाहिले. भारतासह अनेक देशांतील ह्या प्रयोगाचा निकाल २०१७ साली आला. दोन्ही गटांत फळ जवळजवळ सारखेच. अधिक म्हणजे अधिक चांगले, हा आपला घरगुती हिशेब ह्या औषधास लागू पडत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही असे देशपातळीवर जाहीर झाले. त्याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नव्हे. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात, आणि कोणाच्या ना कोणाच्या कोपरात ती आग लागतच असते.

हा झाला वऱ्हाडचा पहिला अनुभव; तो शहाणपणाचा होता. दुसरा अनुभव आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याची आठवण अजून ओली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, इतर महाराष्ट्र थोडा निर्धास्त झालेला असताना, कोरोनाची दुसरी लाट प्रथम अमरावती-अकोल्याकडे उसळली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागू झाली; अकोल्यातही निर्बंध आले. त्या वेळी ज्या स्वस्त गोळीने असंख्य प्राण वाचविले ती डेक्सामेथासोन, म्हणजे ह्याच कुळातील.

तिचा पुरावा इंग्लंडातील प्रयोगाने जून २०२० मध्ये दिला होता, आणि त्यातील आकडे सावकाश ऐकण्यासारखे आहेत. कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांत नेहमीच्या उपचाराने शंभरांत ४१ दगावत होते. दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर दहा दिवस, दिल्यावर ते प्रमाण २९ वर आले. ज्यांस केवळ प्राणवायू लागत होता, त्यांत ते २६ वरून २३ वर उतरले. आणि ज्यांस प्राणवायूही लागत नव्हता, त्यांस काडीचाही लाभ झाला नाही. उलट औषध घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १४ ऐवजी १८ च्या घरात दिसले. हा शेवटचा फरक निर्णायक म्हणता येत नाही, पण इशारा म्हणून पुरेसा आहे. कारण उघड आहे. रोगाच्या पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असते. तेव्हा त्याचे हात बांधणे घातक. दुसऱ्या आठवड्यात, काहींच्या बाबतीत, ते स्वतःच्याच फुप्फुसांवर उलटते. तेव्हा त्याला आवरणे हाच उपचार. तीच गोळी, तोच रोगी. केवळ तिथी बदलली की अमृताचे विष होते.

भीतीच्या त्या दिवसांत तिथीचा हा विवेक पुष्कळ ठिकाणी सुटला. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून, मोबाइलवर आलेली यादी वाचून, साध्या तापाच्या पहिल्याच दिवशी घरोघर ही गोळी घेतली गेली. कोठे मात्रा दुप्पट झाली, कोठे दहा दिवसांचे तीस दिवस झाले. मधुमेह असलेल्यांची साखर अनावर झाली. आणि मग काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, संकट आले. नाक, जबडा, डोळा. वाचलेल्या माणसांचे चेहरे विद्रूप झाले. २८ जून २०२१ पर्यंत देशात ह्या रोगाचे ४०,८४५ रोगी नोंदले गेले व ३,१२९ मृत्यू झाले. त्या रोग्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांस मधुमेह होता, आणि जवळजवळ ५३ टक्क्यांनी स्टिरॉइड घेतलेले होते.

येथे इतिहासाचा एक विचित्र योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. बैलाच्या पित्तातून कॉर्टिसोन काढणे महाग पडे. ते सर्वसामान्यांस परवडू लागले ते १९५२ साली, अमेरिकेतील पीटरसन व मरे ह्या संशोधकांनी एका बुरशीकडून त्यातील सर्वांत अवघड रासायनिक पायरी करवून घेतली तेव्हापासून. ती बुरशी रायझोपस जातीची, शिळ्या भाकरीवर चढणाऱ्या बुरशीच्या कुळातील. आणि काळ्या बुरशीचा रोग ज्या बुरशींमुळे होतो, त्यांत अग्रगण्य आहे ती हीच रायझोपस. जिने हे औषध गरिबाच्या दारी आणून पोचविले, तीच त्या औषधाचा अतिरेक झालेल्या शरीरात शिरून घर खाऊ लागली. निसर्ग सूड घेत नाही. आपण पहारेकऱ्यास निजविले, तर दार उघडे राहते, इतकेच.

सारांश, हे औषध टाकाऊ नव्हे आणि रामबाणही नव्हे. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार, औषधांची तीव्र वावडी, अशा किती तरी ठिकाणी त्याने आयुष्ये सावरली आहेत. ‘स्टिरॉइड’ हे नाव ऐकूनच घाबरून दम्याची फवारणी बंद करणारे लोक आपल्या मुलांचा श्वास धोक्यात घालतात. फवारणीतील मात्रा अत्यल्प असते, ती घेतल्यावर चूळ भरली म्हणजे बहुतेक काम झाले. उलट, चेहरा उजळण्यासाठी किंवा नायट्यासाठी स्टिरॉइड मिसळलेली मलमे दुकानातून परस्पर आणणारे लोक त्याच धोक्याच्या दुसऱ्या टोकास उभे आहेत. नायटा बुरशीचा असतो. मलमाने खाज थांबते, आणि बुरशी निर्वेधपणे पसरते. अशी कित्येक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. पण नियम दुकानात असतो, संयम घरात असावा लागतो.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, बहुधा सकाळी, काही खाल्ल्यावर घ्यावी. दीर्घकाळ घ्यावयाची असल्यास आरंभीच साखर, रक्तदाब, क्षय आणि जंत ह्यांची चौकशी करवून घ्यावी, आणि पुढेही साखर, डोळे व हाडे ह्यांवर लक्ष ठेवावे. काही आठवडे चाललेली गोळी बरे वाटले म्हणून, संपली म्हणून, किंवा कोणी घाबरविले म्हणून एकाएकी सोडू नये. दुसरे काही दुखणे आले, वा शस्त्रक्रिया ठरली, तर आपण ती घेत आहोत हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. आणि एकास दिलेली चिठ्ठी दुसऱ्याने कदापि वापरू नये, कारण चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, रोगाची तिथी नसते.

कुष्ठरोग्याच्या हातास पेन टेकवून ‘लागते का?’ असे विचारणाऱ्या त्या सेवकाची आठवण पुन्हा होते. त्याच्याजवळ मोठी विद्या नसते. आग कधी लागली हे तो वेळेवर ओळखतो, आणि गोळी सुरू झाल्यावर ती पूर्णपणे उतरेपर्यंत रोग्यास भेटत राहतो. औषध तेच होते, जे २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघर होते. फरक ह्या भेटत राहण्यात होता. तपोवनातल्या करवतीवर आणि मागावर एखादा सरळ हात चालताना दिसला, तर त्यामागे औषधाइतकीच त्या पाखरीचीही पुण्याई आहे, हे आपण विसरू नये.